मावळतीचा उतार

१

१९९८ सालची गोष्ट. त्या वर्षी कचेऱ्यांमधून संगणकाचा मान नव्या जावयाएवढा होता. त्याला थंड खोली, त्याला जाड पडदे, आणि त्याच्या खोलीत शिरायचं तर बूट दाराबाहेर काढून आतल्या रबरी सपाता घालायच्या. धूळ आत गेली की यंत्र रुसतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. डोंगराळ मुलखाचे नकाशे करणाऱ्या त्या जुन्या दगडी कचेरीत यंत्राच्या खोलीबाहेर एक लाकडी मांडणी होती. वरच्या फळीवर निळ्या सपाता आणि खालच्या फळीवर माणसांचे बूट.

सोमवारी सकाळी ताई त्या मांडणीसमोर उभी होती. खालच्या फळीवर एकच जोड होता. डोंगर चढायचे जाड तळव्याचे बूट, नाड्यांना दुहेरी गाठ. ती गाठ तिनेच त्याला शिकवली होती, तो पहिलीत असताना. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं होतं, त्यामुळे त्याच्या गाठी तिने गर्दीतही ओळखल्या असत्या.

धाकटा शनिवारी संध्याकाळी घरी आला नव्हता. त्याच रात्री साहेब स्वतः घरी आले. कचेरीचे मुख्य, वडिलांचे जुने मित्र, त्याला इथे नोकरी लावून देणारे. उंबऱ्यातच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "बाळ, तो गेला गं. थोरल्या डोंगरावरून नदीत पडला. माझ्या डोळ्यांदेखत."

फौजदारांनी नदीत माणसं उतरवली होती. पाणी गढूळ आणि ओढीचं होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत काही हाती लागलं नाही तर शोध थांबवणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

ताई न्यायालयात लघुलेखिका होती. वीस वर्षं साक्षीदारांचं बोलणं टिपून घेत आली होती. खोटं बोलणारा घाबरतो हा लोकांचा गैरसमज आहे, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. पण आज घाबरली होती ती स्वतः. डोंगरावर गेलेल्या माणसाचे डोंगराचे बूट इथे काय करत होते?

इतक्यात तिच्या पायाखालून कुठूनतरी आवाज आला. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक.

"कोण आहे?" ती दचकून म्हणाली.

"जुने नळ, बाळ," मागून साहेबांचा आवाज आला. कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नव्हतं. "हवा भरली की ठोकतात. ये, माझ्या खोलीत बस."

२

साहेबांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. डोंगर-दऱ्यांचा, पण नेहमीसारखा नाही. कुठला उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ते रंगांनी दाखवलेलं. उत्तरेकडे तोंड असलेले निळे, दक्षिणेचे पिवळे, पूर्वेचे हिरवे, पश्चिमेचे गुलाबी.

"याच्यासाठी एवढा खटाटोप," साहेब म्हणाले. "वादळं येतात ती उगवतीकडून, समुद्रावरून. पूर्वेकडे तोंड असलेला चढा उतार पावसाने भिजून कधी खाली येईल, नेम नाही. म्हणून नवी वस्ती पूर्वेच्या उताराखाली बसवायची नाही. हा बघ थोरला डोंगर. गुलाबी. पश्चिमेचा. वादळाकडे पाठ. इथे पुढच्या आठवड्यात माणसं राहायला येतील. माझी सही आहे त्याच्यावर."

"काका, शनिवारी काय झालं ते पुन्हा सांगाल?"

त्यांनी डोळे मिटले. "त्याला जागा शेवटची नजरेखालून घालायची होती. कचेरी सुटल्यावर माझ्या गाडीतून गेलो. वस्तीच्या वरच्या अंगाला मधली पायवाट आहे ना, तिथे. मी म्हटलं, अरे, पायात सपाता आहेत तुझ्या. घाईत तशाच घालून आला होता. तो हसला. सूर्य अगदी टेकायला आलेला. सगळा उतार सोन्यासारखा झालेला. त्याने वळून समोर पाहिलं, ऊन थेट डोळ्यांवर आलं, हात आडवा धरला आणि पाय सुटला. एवढंच."

सपातांचा खुलासा झाला होता. बूट मांडणीवर का, तेही कळलं. तरी ताईच्या मनाला काहीतरी टोचत राहिलं. पाहिलेली गोष्ट सांगणारा माणूस अडखळतो, मागे जातो, "नाही, त्याच्या आधी" असं म्हणतो. साहेबांची हकीकत तेल लावल्यासारखी गुळगुळीत होती.

पण त्यांनी काय म्हणून खोटं बोलावं? ते तर घरचे.

३

"घरचे!" ताईने ते बोलून दाखवताच रंगमावशी फणकारली. नकाशांचे रंग तपासून सूची चिकटवण्याचं काम ती संगणकाच्या आधीपासून करत होती. "पोरी, मला विचारशील तर तो ठेकेदार बघ. वस्तीची घरं बांधतोय ना, तोच. शुक्रवारी इथे येऊन तुझ्या भावाला काय म्हणाला ठाऊक आहे? काम थांबवलंस तर पाय मोडून हातात देईन."

"काम का थांबवणार होता तो?"

"ते मला काय ठाऊक? मी रंगांची बाई. त्याला नकाशात काहीतरी खटकलं होतं. शनिवारी दुपारभर जोडभिंग घेऊन बसला होता." ताईचा चेहरा बघून ती म्हणाली, "अगं, विमानातून काढलेले एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि त्या भिंगातून बघायचे. डोंगर असा उभा राहतो समोर, हात लावावासा वाटतो. आता संगणक आला म्हणून कोणी विचारत नाही. तो एकटा बघायचा."

"कुठे आहे ते भिंग?"

मावशीने धाकट्याच्या टेबलाचा खण ओढला. मखमली पेटी होती. पेटी रिकामी होती.

"आता गं बाई," मावशी म्हणाली. "हे काय डोंगरावर नेण्याची वस्तू आहे?"

शेजारच्या खोलीत छपाईचं मोठं यंत्र खडखडत होतं, इतकं की मावशीला ओरडून बोलावं लागत होतं. "सकाळपासून चाललंय! साहेबांनी सगळेच्या सगळे नकाशे परत छापायला सांगितलेत. माणूस मेलाय, आणि यांना नकाशे सुचतायत!"

४

यंत्राच्या खोलीतल्या मुलाला सगळे माऊसवाला म्हणत. तिशीचा, जाड चष्म्याचा, रडून डोळे सुजलेला. ताईने बूट काढून निळ्या सपाता घातल्या आणि ती आत गेली. थंडीने तिच्या अंगावर काटा आला. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

"आमचं भांडण झालं होतं, ताई," तो आपणहून म्हणाला. "शनिवारी. तो म्हणाला, नकाशात एक उतार उलटा दिसतोय. मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही, तुझे ते म्हाताऱ्यांचे फोटो खोटं बोलत असतील. शेवटचं बोललो ते हे."

"कुठला उतार?"

"सांगितलं नाही. साहेबांनाच दाखवतो म्हणाला आणि गेला."

"मला समजेल असं सांग. हा नकाशा होतो कसा?"

त्याने चष्मा पुसला. "सगळ्या मुलखाच्या बारीक चौकटी पाडायच्या. प्रत्येक चौकटीची उंची यंत्राला ठाऊक असते. शेजारच्या चौकटींशी ताडून ते सांगतं, की इथे पाणी सांडलं तर कुठल्या दिशेला वाहील. त्या दिशेला आकडा देतं. आमची प्रणाली पूर्वेपासून मोजते. पूर्व शून्य, मग उत्तर, पश्चिम, दक्षिण असं फिरत पुन्हा पूर्वेपाशी तीनशे साठ. आकड्याला रंग दिला की नकाशा तयार."

"आणि तो बरोबरच येतो?"

"येतो की. फक्त आधी ठिपक्या-ठिपक्यांचा आला होता, तीळ सांडल्यासारखा. साहेब म्हणाले, हे वर दाखवायचं आहे, जरा गुळगुळीत कर. मग मी प्रत्येक चौकटीला तिच्या शेजारणींची सरासरी घ्यायला लावली. छान झाला."

गुळगुळीत. सकाळपासून तो शब्द तिच्या मागेच लागला होता.

"तुमच्याकडचे ते विमानातले फोटो कुठे असतात?"

"खाली तळघरात. साहेबांच्या खोलीच्या बरोबर खाली. पण आता कुलूप आहे. जुन्या फिल्मला विषारी वास सुटलाय, कोणी जायचं नाही, असं साहेब म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"आज सकाळी."

छपाईच्या यंत्राने एक नकाशा संपवला आणि क्षणभर शांतता झाली. ताईने कान दिले. मघाचे नळ आता गप्प होते.

५

दुपार कलली तशी ती थोरल्या डोंगराकडे निघाली. ज्या जागी तो पडला म्हणतात, ती जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला घरी जाववेना.

वस्तीची अर्धवट घरं रिकामी उभी होती. दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, नुसती भोकं. त्यांच्यामधून जाताना तिला उगीचच वाटत राहिलं, की प्रत्येक भोकातून कोणीतरी बघतंय. वर मधली पायवाट होती, एका माणसापुरती. खाली नदीत फौजदारांची माणसं दोर आवरत होती. शोध संपत आला होता.

कडेपाशी जाऊन तिने खाली डोकावलं. पायाखालची माती भुसभुशीत होती. कोणीतरी मागून चालत येत होतं, जड पावलांनी. तिने मान वळवली. ठेकेदार. हातात पहार.

"बाई," तो म्हणाला, "इथे एकट्या काय करताय?"

मागे सरकायला जागा नव्हती. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं, आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

६

"सरका अलीकडे! माती सुटतेय तिथे, दिसत नाही?" त्याने तिला ओढून आतल्या बाजूला उभं केलं. ती उभी होती तिथला ढेकूळभर काठ सुटला आणि गडगडत खाली गेला. "एक माणूस गेला तेवढं पुरे नाही का?"

ताईने मनगट सोडवून घेतलं. मग ती म्हणाली, "तुम्ही त्याचे पाय मोडणार होतात."

"तोंडाने!" ठेकेदार ओशाळला. "तोंडाने मी रोज दहा जणांचे पाय मोडतो, बाई. माझी माणसं हसतात मला."

"शनिवारी संध्याकाळी इथे कोण होतं?"

"कोणी नाही. आम्ही चारलाच काम बंद करतो. उजेड कुठे असतो इथे?" त्याने खिशातून विजेरी काढून तिच्या हातात दिली. "घ्या. उतरताना लागेल."

विजेरी. एवढ्यात? तिने मान वर केली.

नदीपलीकडचा डोंगर उन्हात झळझळत होता. झाड न् झाड सोन्याचं झालेलं. आणि ती उभी होती तो सगळा उतार, पायवाट, घरं, ठेकेदार, तिचे स्वतःचे हात, सगळं निळसर सावलीत बुडालं होतं. सूर्य होता तिच्या पाठीमागे, डोंगराच्या पलीकडे. केव्हाच गेला होता.

*सगळा उतार सोन्यासारखा झालेला. ऊन थेट डोळ्यांवर आलं.*

थोरल्या डोंगराचा हा उतार उगवतीकडे तोंड करून होता. इथे मावळतीचं ऊन कधी पडलंच नव्हतं. ते पडत होतं फक्त साहेबांच्या भिंतीवरच्या नकाशात.

ताई ओरडली ती इतक्या जोराने, की नदीतल्या माणसांनीही वर पाहिलं. "फौजदार! दोर आवरू नका, ते घेऊन या! पण नदीत नाही. कचेरीत!"

७

साहेब खुर्चीतच होते. शेजारच्या खोलीत छपाईचं यंत्र अजून खडखडत होतं. ताई आत गेली. मागे फौजदार, आणि गोंधळ ऐकून माऊसवाला नि मावशीही.

"ते यंत्र बंद कर," तिने माऊसवाल्याला सांगितलं. तो गेला. खडखड थांबली.

"काका, शनिवारी सूर्य कुठे होता?"

"हे काय विचारणं झालं, बाळ? समोर." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "पश्चिमेचा उतार आहे. हा बघ, गुलाबी."

"नकाशात गुलाबी. डोंगरावर जाऊन या. तो पूर्वेचा आहे. दुपारनंतर तिथे विजेरी लागते."

"शक्य नाही," माऊसवाला दारातून म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. तो नकाशाजवळ गेला, मागे आला, आणि मटकन खाली बसला. "सरासरी," तो पुटपुटला. "देवा रे. मी सरासरी घेतली."

"म्हणजे काय रे?" मावशी म्हणाली.

"मावशी, घड्याळात अकरा आणि एक यांच्या मधोमध काय आहे?"

"बारा."

"पण अकरा आणि एक यांची बेरीज करून निम्मी करा. सहा येतात. बरोब्बर उलटी बाजू! आमची पूर्व म्हणजे ते बारा. पूर्वेच्या उतारावर एका चौकटीचा आकडा दहा, शेजारणीचा तीनशे पन्नास, दोघींचं तोंड पूर्वेलाच. मी सरासरी घेतली, आले एकशे ऐंशी. पश्चिम. म्हणूनच तर तिथे तीळ सांडल्यासारखं दिसत होतं. ते पुसायला गेलो आणि डोंगर फिरवून ठेवला. त्याने हेच पकडलं होतं. आणि मी त्याला..."

ताईची नजर साहेबांवरून हलली नव्हती. "ठेकेदार तिथे रोज उभा असतो, त्याला ठाऊक आहे ऊन कुठून येतं. जो माणूस त्या डोंगराला फक्त भिंतीवर बघत आलाय, तोच तिथे मावळतीचं ऊन बघू शकतो. तुम्ही शनिवारी डोंगरावर गेला नाहीत, काका. कधीच गेला नाहीत. मग तो तुमच्यासमोर पडला कुठे?"

साहेबांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"त्याचे बूट मांडणीवर आहेत. पायात सपाता होत्या, हे तुम्ही खरं सांगितलंत, कारण ते तुम्ही पाहिलंत. सपाता घालून माणूस डोंगरावर जात नाही, इमारतीतल्या इमारतीत जातो. त्याचं जोडभिंग नाही. ते घेऊन तो फोटो बघायलाच जाणार. आणि फोटो आहेत या खोलीच्या खाली, जिथे आज सकाळपासून विषारी वास सुटला." तिचा आवाज आतापर्यंत न्यायालयातल्यासारखा सरळ होता. तो इथे फाटला. "काका, ते नळ नव्हते ना?"

साहेबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"फोटो सकाळचा होता," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सगळा उतार उन्हात. सकाळी उजळतो म्हणजे पूर्वेचाच. तो म्हणाला, उद्याच्या उद्या वर कळवू. माझी सही, माझं नाव, निवृत्तीला दोन महिने. मी फोटो ओढला. त्याने सोडला नाही. लोखंडी जिना आहे. मला वाटलं, संपला."

"आणि सकाळी ठोकणं ऐकू आलं तेव्हा?"

साहेबांनी छपाईच्या यंत्राच्या दिशेने पाहिलं. सकाळपासूनचा तो खडखडाट हेच उत्तर होतं.

८

तळघराचं दार उघडलं तसा आंबट वास अंगावर आला. जुन्या फिल्मला खरंच वास सुटतो, पण त्याने माणूस मरत नाही. ठेकेदाराची विजेरी अजून ताईच्याच हातात होती. उजेडाचा गोळा जिन्याच्या पायऱ्या उतरत गेला. एक निळी सपात उलटी पडली होती. पुढे फुटलेलं जोडभिंग. पुढे दुसरी सपात.

तिने त्याला हाक मारली. उत्तर आलं नाही. दुपारपासून नळ गप्प होते.

तो पाण्याच्या नळाला टेकून पडला होता. एक पाय नको तसा वळलेला, हातात फिल्मच्या डब्याचं पत्र्याचं झाकण. नळाच्या जोडावरून थेंब थेंब पाणी त्या झाकणात गळत होतं. ताई गुडघ्यांवर बसली. त्याच्या तोंडाजवळ हात नेण्याचा धीर तिला होईना. फौजदार वाकायला लागले, तर तिने त्यांना अडवलं. जोवर हात नेला नव्हता, तोवर तो तिचा होता.

मग झाकण हललं. अगदी जरासं. नळावर टेकलं. टक.

"उठू नकोस," ती म्हणाली. "आले मी. आता नको वाजवूस."

"ताई," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "तो उतार पूर्वेचा आहे."

"ठाऊक आहे रे बाळा. मी उभी राहून आले तिथे."

९

साहेबांना शिक्षा झाली. ताई त्या खटल्यात साक्षीदार होती, म्हणून टिपण दुसऱ्या कोणीतरी घेतलं. शिक्षा भोगून ते बाहेर आले ते दूरच्या गावी, बहिणीकडे गेले. एकदा त्यांनी ताईला निरोप पाठवला, भेटायला येऊ का? ताईने नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. ते आले नाहीत.

माऊसवाल्याने नोकरी सोडली नाही, पण सरासरी सोडली. पुढे तो इतरांना हे काम शिकवू लागला, आणि पहिल्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ काढून सगळ्यांसमोर ठेवायचा. अकरा आणि एक यांच्या मध्ये काय? शिकणारे हसायचे. तो हसायचा नाही.

रंगमावशी निवृत्त झाली तेव्हा तिने निरोपाची भेट म्हणून धाकट्याच्या जोडभिंगाची रिकामी मखमली पेटी मागून घेतली. तिच्यात ती चष्मा ठेवत असे.

ठेकेदाराने वस्ती उतरवली, दगड न् दगड, आणि पलीकडच्या डोंगराखाली पुन्हा बांधली. काम चालू होतं तोवर रोज धाकट्याच्या नावाने तोंडाने पाय मोडत राहिला, आणि दर रविवारी इस्पितळात त्याचा खरा पाय बघायला येत राहिला. तीन वर्षांनी उगवतीकडून मोठं वादळ आलं आणि थोरल्या डोंगराचा तो उतार आख्खा खाली बसला. तिथे तेव्हा फक्त गवत होतं.

धाकटा लंगडत का होईना, चालू लागला. पुन्हा नकाशेच करतो. लग्न झालं, मुलगी झाली, तिच्या बुटांनाही दुहेरी गाठ असते. अंधाराची भीती मात्र गेली नाही. सगळ्यांच्या आधी दिवे लागतात ते त्याच्या घरात.

ताई आता म्हातारी झाली आहे. कान पूर्वीसारखे राहिले नाहीत, शेजारणीच्या हाका ऐकू येत नाहीत. तिच्या दाराला घंटी आहे. धाकटा आला की घंटी वाजवत नाही, बोटाच्या पेराने दारावर ठोकतो, टक, टक, मग जरा थांबून टक. ती भरल्या ताटावरून उठते. काठी तिथेच राहते. कोण आहे, असं ती कधीच विचारत नाही.